दम संपल्यावर काय उरतं: लांब पळण्यातलं अध्यात्म, सोप्या भाषेत

बेळगाव परिसरात पहाटे रस्त्यावर पळणारी माणसं ढोबळमानानं दोन तऱ्हेची. एक सैन्यभरतीची पोरं. येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूरकडची खेडी, कुठल्याही गावाच्या वेशीबाहेर पाच-साडेपाचला ती दिसतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आणायचे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात असतं. दुसरी मंडळी तिशी-चाळिशी ओलांडलेली: शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दुकानदार, डॉक्टर. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून किंवा कॅम्पातल्या रुंद रस्त्यांवरून ती पळतात. मनगटावर घड्याळ असतं आणि कुठल्या तरी अर्ध्या किंवा पूर्ण मॅरेथॉनची तयारी चालू असते. पहिल्यांना नोकरी हवी, दुसऱ्यांना साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवा.

यातली काही माणसं मात्र वर्ष-दोन वर्षांनी वेगळंच बोलायला लागतात. पळताना मन निवतं, म्हणतात. देवळात बसून जे होत नाही ते सातव्या-आठव्या किलोमीटरनंतर आपोआप होतं. कुणी पळण्यालाच पूजा म्हणतं. ऐकणाऱ्याला हे भाबडं वाटतं, नाही तर बढाई वाटते. मला दोन्ही वाटत नाही. त्यात तथ्य आहे, पण ते नेमकं कुठे आहे हे उलगडून पाहावं लागतं. शरीराचं सुख, मनाची शांती आणि जगण्याला मिळणारा अर्थ या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पळताना त्या एकदम येतात, म्हणून एकच वाटतात.

आधी शरीर

पळायला लागल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं कुणालाच अध्यात्म सुचत नाही. पोटऱ्या जड, श्वास वर, आणि आज परत फिरावं हा एकच विचार. एरवी शांत असलेल्या शरीराला अचानक जादा प्राणवायू लागतो आणि ती मागणी पुरी करायला हृदय-फुप्फुसांना थोडा वेळ लागतो. मग केव्हा तरी घडी बसते. तिथून जे सुरू होतं त्यात तीन कामं चाललेली असतात.

पहिलं काम तालाचं. पळणारा माणूस मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं टाकतो. श्वास हळूहळू या पावलांना जुळत जातो. १९८३ साली डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरियर या अमेरिकी अभ्यासकांनी हे मोजून दाखवलं. सरावलेल्या धावपटूंमध्ये सगळ्यात जास्त आढळलेलं प्रमाण म्हणजे चार पावलांमागे एक पूर्ण श्वास. कुणी शिकवलेलं नसतं, शरीर स्वतःच ते शोधून काढतं. भजनात टाळकरी पावली खेळतात तेव्हा पाय, टाळ आणि गळा एका मापात येतात आणि माणूस थकवा विसरतो. इथेही तेच होतं, फक्त टाळ नसतात.

दुसरं काम रसायनांचं. पळाल्यावर जी एक हलकी नशा येते तिचं श्रेय बरीच वर्षं एंडॉर्फिन या द्रव्याला दिलं गेलं. शरीर स्वतःच बनवतं असं हे अफूच्या जातीचं वेदनाशामक. २००८ मध्ये जर्मनीत दहा धावपटूंना दोन तास पळवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. भावनांशी संबंधित भागांत ही द्रव्यं काम करताना दिसली. पण गोष्ट तिथे संपली नाही. रक्तातलं एंडॉर्फिन आकारानं मोठं असतं, ते रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. मग लक्ष आनंदामाइडसारख्या दुसऱ्या गटातल्या द्रव्यांकडे गेलं. ही शरीरातच तयार होतात आणि भांगेतलं नशेचं द्रव्य मेंदूतल्या ज्या जागांवर काम करतं त्याच जागांवर बसतात. २०२१ मध्ये जर्मनीतल्याच अभ्यासकांनी ६३ जणांना ४५ मिनिटं पळवलं, त्यांतल्या काहींना एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध देऊन. औषध घेतलेल्यांनाही हलकेपणा आला आणि त्यांची चिंता कमी झाली. म्हणजे पळण्यातल्या सुखाचं सगळं श्रेय एंडॉर्फिनला देता येत नाही.

तिसरं काम मेंदूतल्या बडबडीचं. आपल्या कपाळामागच्या भागात बेत, हिशेब, तुलना, कोण काय म्हणालं, उद्या काय होणार, हे सगळं दिवसभर चालू असतं. आर्ने डायट्रिच या शास्त्रज्ञानं २००३ च्या सुमाराला एक कल्पना मांडली. लांब पळताना मेंदूला हालचाल, तोल आणि इंद्रियं यांच्यावर खूप खर्च करावा लागतो, आणि त्याच्याकडची शक्ती तर मर्यादित असते. मग कपाळामागच्या भागाचं काम काही वेळ मंदावतं. वेळेचं भान सैल होतं, ‘मी’ची कुरकुर कमी होते. हे गृहीतक आहे, सिद्धांत म्हणून शिक्का बसलेला नाही. पण लांब पळणाऱ्याला अनुभव विचारला तर तो याच्याशी जुळणारंच काहीतरी सांगतो: येळ्ळूरचा फाटा केव्हा मागे गेला कळलंच नाही.

मग उंदराचं काय?

इथपर्यंतचं सगळं खरं धरलं तरी एक अडचण उभी राहते, आणि माझ्या मते सगळा विषय तिथेच उघडतो. त्याआधी २०१५ मध्ये याच विषयाचा अभ्यास उंदरांवर झाला होता. चाकावर पळणाऱ्या उंदरांची भीती कमी झाली, वेदना कमी जाणवली. आनंदामाइड ज्या जागांवर बसतं त्या औषधानं बंद केल्यावर हा फायदा नाहीसा झाला. म्हणजे पळण्याचं सुख उंदरालाही होतं. त्याला आपण साधक म्हणत नाही.

तर मग सुखाला अध्यात्म म्हणायचं कारण नाही. सुख हे शरीराचं देणं आहे. ते घ्यावं, त्याबद्दल कृतज्ञ असावं. पण ते रोज येत नाही. कधी पाऊस असतो, कधी झोप झालेली नसते, कधी गुडघा कुरकुरतो, आणि दहा किलोमीटर पळूनही काहीसुद्धा वाटत नाही. जो सुखासाठीच पळत होता तो अशा दिवशी फसवल्यासारखा होतो. जो दुसऱ्या कशासाठी तरी पळत होता त्याचं काही बिघडत नाही. हे ‘दुसरं काहीतरी’ म्हणजेच या लेखाचा विषय. त्यासाठी विज्ञान थोडं बाजूला ठेवून आपल्याच मातीत यावं लागतं.

अंकलीचे घोडे आणि वेळापूरचा धावा

चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी अंकली नावाचं गाव आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे जे अश्व चालतात ते या गावच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून येतात. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमाराला पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हा त्यांच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत अंकलीकर शितोळे होते. घोडे आजही अंकलीहून आळंदीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर पायी जातात. त्यांना वाहनातून नेणं आज सहज शक्य आहे. तरी पायीच नेतात, कारण चालणं हाच सेवेचा भाग आहे. वारी महाराष्ट्राची म्हणून आपण बोलतो, पण तिचं रिंगण ज्या टापांनी उभं राहतं त्या टापा बेळगाव जिल्ह्यातून निघतात, हे आपल्याकडच्या मुलांना शाळेत सांगायला हवं असं मला फार वाटतं.

आणि वारी म्हणजे नुसतं चालणं नव्हे. गोल रिंगणात अश्व सुटण्याआधी झेंडेकरी पळतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका पळतात, वीणेकरी पळतात. साठ-पासष्टीच्या बायका, नऊवारीचा काष्टा आवळून, एक हात वृंदावनाला धरून, अनवाणी. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरला तर धावाच असतो. परंपरा सांगते की तुकोबांना इथल्या उंचवट्यावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले. त्या आठवणीत आजही वारकरी त्या उतारावर पळतात. तोवर कित्येक दिवस ते चाललेले असतात, टाचा फुटलेल्या असतात, आणि त्या वेळी ते पळतात.

सुखासाठी पळणं आणि ओढीनं पळणं यातला फरक इथे डोळ्यांना दिसतो. वेळापूरच्या उतारावर कुणाला आपला वेग ठाऊक नसतो. एवढं चालून पंढरपुरात पोचल्यावर गर्दीत अनेकांना गाभाऱ्यापर्यंत जाताही येत नाही. कळसाला हात जोडून ते परततात आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघतात. आमच्या गल्लीतले एक मामा खानापूरकडच्या दिंडीतून जात असत. पाय दुखत नाहीत का, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘दुखतात की रं. पण दिंडी थांबत न्हाई, मग म्या बी थांबत न्हाई.’

आपला भाग या बाबतीत श्रीमंत आहे. रायबाग तालुक्यात चिंचलीच्या मायाक्काला माघात लोक लांबून पायी येतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराकडे ‘उदं गं आई उदं’ म्हणत पायी चाललेले जथे दिसतात, त्यात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारे मिसळलेले असतात. आणि आपले लिंगायत शेजारी ज्या बसवण्णांना मानतात त्यांनी बाराव्या शतकात पायांविषयी जे सांगितलं ते पळणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. श्रीमंत देऊळ बांधतील, मी गरीब काय करू, असं विचारून ते उत्तर देतात: माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. आणि पुढे म्हणतात की जे स्थावर आहे ते नष्ट होतं, जे चालतं-फिरतं आहे त्याला नाश नाही. देहाला देऊळ मानलं तर त्याला चालवणं हीच पूजा होते. अर्थ लावायला आपल्याला दूर जावं लागत नाही.

तरी दूरची दोन उदाहरणं सांगतो, कारण त्यांतून एक गोष्ट आणखी स्पष्ट होते. जपानमध्ये क्योतोजवळ हिएई नावाचा डोंगर आहे. तिथल्या तेंदाई पंथाचे काही भिक्षू सात वर्षांत मिळून हजार दिवस डोंगरवाटा तुडवतात. पहिली तीन वर्षं वर्षाकाठी शंभर दिवस, रोज साधारण तीस किलोमीटर. नंतरच्या वर्षांत दिवस आणि अंतर दोन्ही वाढत जातात, ते एका टप्प्यात रोज ८४ किलोमीटरपर्यंत पोचतं. मध्येच नऊ दिवस अन्न, पाणी, झोप आणि आडवं होणं बंद. १८८५ नंतर हे व्रत पुरं केलेले पन्नाससुद्धा नाहीत. लोकांना आकडे थक्क करतात. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. हे भिक्षू वाटेत अडीचशेहून जास्त ठिकाणी थांबून प्रार्थना म्हणतात. झाड, झरा, दगड, समाधी. म्हणजे अंतर कापणं हा हेतू नाही, प्रत्येक ठिकाणाला नमस्कार करत जाणं हा हेतू आहे.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. चितगावजवळ १९३१ मध्ये जन्मलेले, तरुणपण पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात घालवलेले आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय पुढे अमेरिकेत गेले आणि १९९७ मध्ये त्यांनी ३,१०० मैलांची शर्यत सुरू केली. जवळजवळ पाच हजार किलोमीटर, बावन्न दिवसांत. आणि धावायचं कुठे, तर शहरातल्या एकाच चौकोनी वस्तीभोवती, ८८३ मीटरची एक फेरी, अशा ५,६४९ फेऱ्या. सकाळी सहा ते मध्यरात्र. बघण्यासारखं दृश्य नाही, डोंगर नाही, नदी नाही. बाहेरचं आकर्षण मुद्दाम काढून टाकलंय, उरतं ते आतलं. ही शर्यत पुरी करणारी माणसं मोजकीच आहेत. आपण कुणी हे करावं असं मी सुचवत नाही. पण रोज त्याच मैदानाला फेऱ्या मारून कंटाळलेल्यानं हे लक्षात ठेवावं: कंटाळा हा अडथळा आहे असं आपण धरतो, या लोकांनी त्याचाच रस्ता केला.

भिंत

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. तिशीच्या पुढच्या किलोमीटरमध्ये कुठेतरी ‘भिंत’ लागते असं पळणारे म्हणतात. हे नुसतं मनाचं नाही, साधं गणित आहे. पळायला वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी अडीच हजारांच्या आसपास कॅलरी हव्यात. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा जो साठा ठेवतात तो मात्र दोन हजार कॅलरींच्या घरातला. चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते. साठा संपत आला की पाय दगडाचे होतात, आणि मेंदू मुख्यतः साखरेवर चालत असल्यामुळे मनही ढासळतं. धट्टीकट्टी माणसं तिथे रडतात. कुणाला आई आठवते, कुणाला गेलेलं मूल.

अनेकांना पहिल्यांदा प्रार्थना सुचते ती इथे. मला हे फार खरं वाटतं, आणि त्याचं कारण साखर संपण्यापुरतं नाही. तोवर माणूस आपल्या बळावर चाललेला असतो: माझी तयारी, माझा वेग, माझी जिद्द. भिंतीपाशी ‘माझं’ म्हणण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. तिथून पुढे जो जातो तो दुसऱ्या कशाच्या तरी आधारानं जातो. रस्त्याच्या कडेला पाण्याचा पेला धरून उभी असलेली अनोळखी मुलगी, शेजारून जाताना ‘चला काका, थोडंच राहिलंय’ म्हणणारा पोरगा, तोंडात बसलेलं देवाचं नाव. आपण एकटे काही नव्हतोच, हे तिथे कुणी उपदेश न करता कळतं. शरण जाणं म्हणजे काय हे पुस्तकात वाचून जेवढं समजतं त्याहून जास्त इथे समजतं.

पण एक इशारा. भिंत ही उपासना म्हणून मुद्दाम ओढवून घ्यायची गोष्ट नाही. तयारी नसताना, उपवासाच्या दिवशी, पाण्यावाचून केलेलं लांब पळणं हे तप होत नाही, तो देहावर अन्याय होतो. देहाला देऊळ म्हटलं तर त्याची डागडुजीही आपल्याकडेच आली.

वय संपल्यावर

आता जे मला खरोखर सांगायचंय ते. मराठा लाईट इन्फंट्री १७६८ पासूनची पलटण, आणि तिचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात. त्यामुळे इथल्या खेड्यांत पळणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विषय आहे. आजा पळाला, बाप पळाला, आता नातू पळतोय. अग्निवीर भरतीची वरची वयोमर्यादा विशीच्या सुरुवातीलाच येते. ती ओलांडली की गावात म्हणतात, ‘त्याचं वय संपलं.’ विशीतल्या पोराबद्दल हे वाक्य बोललं जातं. मैदानावरून ती मुलं एका रात्रीत नाहीशी होतात. बूट खुंटीला लागतात. ज्यासाठी पळत होतो तेच गेलं, आता कशाला?

बहुतेकांचं असंच होतं आणि त्यात त्यांची चूक नाही. पण थोडी मुलं थांबत नाहीत. माझ्या ओळखीचा एक आहे, खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला. दोनदा भरतीत गेला, दुसऱ्या वेळी थोडक्यात राहिला. आता उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. रात्रपाळी सुटली की मनगटावर काळी वाळू तशीच, केसांत धूळ, डबा मित्राकडे द्यायचा आणि मच्छेच्या दिशेनं पळत सुटायचं. कुणी वेळ लावत नाही. कुठल्या शर्यतीत नाव नाही. एकदा मी विचारलं, ‘आता कशाला रे पळतोस?’ तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘पळालो न्हाई तर दिवस आपला वाटत न्हाई, काका.’

निष्काम कर्म या दोन शब्दांवर मी अनेक प्रवचनं ऐकली. फळाची आशा सोडून काम कर, असं सगळे सांगतात. फळ तर हातातून निसटलेलंच आहे, आणि तरी काम चालू आहे, आणि त्यात कडवटपणा नाही, हे मी या मुलाकडे पाहून समजलो. पळण्यातलं अध्यात्म शोधायचं असेल तर ते इथे आहे. बक्षीस जाईपर्यंत आपल्याला स्वतःलाच ठाऊक नसतं की आपण कशासाठी पळत होतो. नोकरी, वजन, पदक, समाजमाध्यमावर टाकलेला फोटो, यांतलं काहीही वाईट नाही. सुरुवात त्यांनीच होते. पण ते सगळं वजा केल्यावर जे उरतं त्याची परीक्षा होते ती वय संपल्यावर, दुखापतीतून उठल्यावर, वेग उतरू लागल्यावर. वारकरी दरवर्षी जो रस्ता तुडवतो त्याच्या शेवटी त्याला काही मिळत नाही म्हणूनच तो रस्ता त्याचा राहतो.

याची एक उलटी बाजूही आहे. काही माणसं घरातल्या भांडणापासून, कर्जापासून, स्वतःपासून पळत असतात, अक्षरशः. त्यांना एक दिवस चुकला तर चिडचिड होते, दुखणं अंगावर काढतात, बायकोमुलांना वेळ देत नाहीत. बाहेरून हेही नियमासारखं दिसतं. ओळखायचं कसं? घरी परतल्यावरच्या अर्ध्या तासात. पळून आलेला माणूस घरच्यांशी जास्त मऊ झाला असेल तर पळणं योग्य दिशेनं चाललंय. चहा लवकर का नाही म्हणून ओरडत असेल तर त्यानं कितीही किलोमीटर मोजले तरी उपयोग नाही.

सुरुवात करायची तर

वेग अगदी कमी ठेवा. किती कमी, याचं माप सोपं आहे: मोठ्यानं नाव घेता आलं पाहिजे. ‘राम कृष्ण हरी’ म्हणताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. हे सहा अक्षरांचं नाव सहा पावलांवर बसतं. मिनिटाला १६५ च्या आसपास पावलं पडत असतील तर १०८ वेळा म्हणायला चार मिनिटं लागतात, आणि साध्या वेगानं तेवढ्यात अर्धा किलोमीटर होतो. म्हणजे एक माळ म्हणजे अर्धा किलोमीटर. दहा माळा झाल्या की पाच किलोमीटर, घड्याळ बघायला नको. ‘विठ्ठल’ म्हटलं तर ते तीन पावलांवर बसतं, त्यामुळे एकदा डाव्या पायावर सुरू होतं, एकदा उजव्या. दोन्ही पायांवर भार सारखा पडतो आणि मन तेवढ्या बारीक गोष्टीत गुंतून राहतं. देवावर विश्वास नसेल त्यानं पावलं मोजावीत किंवा श्वास ऐकावा. लक्ष कशावर तरी टेकवायचं आणि ते सुटलं की न रागावता परत आणायचं, एवढीच ती क्रिया.

कानात गाणी लावू नयेत, निदान आठवड्यातून एक-दोन दिवस तरी. आठवड्यातला एक रस्ता ठरलेला असावा, तोच तो. ऋतू बदलताना तोच रस्ता कसा बदलतो हे दिसायला लागलं की पळण्याची गोडी वेगळीच होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, त्यामुळे बहुतेक महिने पहाट थंड मिळते. राजहंसगडाचा चढ ज्याला झेपतो त्यानं महिन्यातून एकदा चढावा आणि वर सिद्धेश्वरापाशी थोडं बसून मगच उतरावं. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात इतका पाऊस असतो की दोन हातांवरचं दिसत नाही, तिकडे जून ते सप्टेंबर पळायला जाऊ नये.

चाळिशीपुढच्यांनी, मधुमेह-रक्तदाब असणाऱ्यांनी आणि घरात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. छातीत दाब, डाव्या हातात कळ, चक्कर, यांतलं काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबायचं, संकल्प बाजूला. लांब पळताना तहान लागेल तसं पाणी प्यावं. भीतीपोटी ढसाढसा प्यायल्यानं रक्तातलं मीठ पातळ होऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून दीड-दोन तासांपुढच्या पळण्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरोबर असावं. उसाच्या गाळपाच्या दिवसांत चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या रस्त्यांवर पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते आणि कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं, म्हणजे उजव्या कडेनं पळावं, अंगात पांढरा किंवा चमकणारा सदरा असावा, आणि पूर्ण उजाडेपर्यंत शक्यतो गावातल्या मैदानातच फेऱ्या माराव्यात.